गिळलेला कॅमेरा आणि न सांगितलेला इतिहास : लहान आतड्याचा शोध कसा लागला?

(दीर्घ थ्रेड)

१/
गेल्या पावसाळ्यात माझी आत्या मुंबईहून लोकलने नालासोपाऱ्याला परतली, तेव्हा तिच्या पदराखाली एक पट्टा होता आणि पोटात चालू कॅमेरा. लेडीज डब्यात कुणाला त्याचा पत्ता नव्हता. आचोळे रोडवरच्या घरी येऊन तिने पेज घेतली, दुपारी थोडी झोपली, आणि या सगळ्या वेळात तिच्या आतड्याची छायाचित्रे पट्ट्यातल्या यंत्रात साठत राहिली. दुसऱ्या दिवशी तो पट्टा परत नेऊन देण्याचे काम माझ्याकडे होते. हा थ्रेड त्या कॅमेऱ्याच्या इतिहासाविषयी आहे.

२/
त्याच आठवड्यात आमच्या नातेवाइकांच्या गटावर एक संदेश फिरत आला. ‘एका इस्रायली क्षेपणास्त्र-शास्त्रज्ञाने गिळायचा कॅमेरा शोधला, आता पोट न फाडता प्रत्येक आजार कळतो.’ एका वाक्यात दोन दावे आहेत. पहिला असा की हा शोध एकट्याचा आहे, आणि दुसरा असा की कॅमेऱ्याने पाहिले म्हणजे निदान झाले. इतिहासाच्या विद्यार्थ्याने दोन्ही तपासून पाहावेत. पहिला दावा अर्धसत्य आहे. दुसऱ्याची किंमत आम्ही घरी मोजली.

३/
आधी भूगोल पाहू. लहान आतडे सुमारे सहा मीटर, म्हणजे वीसेक फूट लांब असते आणि पोटात वेटोळे घालून बसलेले असते. तोंडातून घातलेली दुर्बीण जठर ओलांडून त्याच्या सुरुवातीपर्यंत पोहोचते. गुदद्वारातून घातलेली दुर्बीण मोठे आतडे पार करून त्याच्या शेवटच्या टोकात डोकावते. मधला सारा प्रदेश दोन्ही वाटांनी अस्पर्श राहतो. पचनमार्गातून होणाऱ्या रक्तस्रावांपैकी साधारण पाच टक्के याच प्रदेशात उगम पावतात, आणि नेमके तेच सापडत नसत.

४/
शरीराच्या आत पाहण्याची धडपड जुनी आहे. १८०६ मध्ये फिलिप बोत्सिनी या जर्मन वैद्याने मेणबत्ती आणि आरसा वापरून ‘प्रकाशवाहक’ नावाचे उपकरण मांडले. १८६८ मध्ये फ्रायबुर्गच्या अडॉल्फ कुसमाउल यांनी जठरापर्यंत सरळ नळी घालून पाहिली. त्यासाठी त्यांनी निवडलेला माणूस तलवारी गिळण्याचे खेळ करणारा होता, कारण ताठ नळी घशाखाली उतरवून घेणे इतर कुणाला जमणारे नव्हते. नळी उतरली, पण आत उजेड पुरला नाही.

५/
१९३२ मध्ये रुडॉल्फ शिंडलर यांनी काहीशी वाकणारी जठरदुर्बीण वापरात आणली. तरी खरी अडचण प्रकाशाची होती. प्रकाश सरळ रेषेत जातो आणि आतडे सरळ नसते. १९५४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात हॅरॉल्ड हॉपकिन्स आणि नरिंदर सिंग कपानी यांचा निबंध आला. काचेच्या बारीक तंतूंच्या जुडीतून प्रतिमा वळणावळणाने नेता येते, हे त्यांनी दाखवले. कपानी पंजाबातल्या मोग्याचे. आग्र्यात शिकून ते लंडनच्या इंपीरियल कॉलेजात गेले होते.

६/
तो निबंध अमेरिकेत बेसिल हर्शोविट्झ यांनी वाचला. मिशिगन विद्यापीठातल्या सहकाऱ्यांसोबत त्यांनी लवचीक तंतुदुर्बीण तयार केली आणि १९५७ मध्ये ती आधी स्वतःच्या घशातून उतरवली. आज आपण ज्याला सरसकट ‘दुर्बिणीतून तपासणी’ म्हणतो, तिची सुरुवात इथे होते. पुढच्या दशकांत जठर आणि मोठे आतडे डॉक्टरांना घरच्या अंगणासारखे परिचित झाले. मधले वीस फूट मात्र अंधारातच राहिले.

७/
त्या अंधारात चाचपडण्याचे मार्ग होते. रुग्णाला बेरियमचा पांढरा घोल पाजून क्ष-किरण चित्रे काढत. त्यांत आतड्याची आकृती दिसे, पण अस्तरावरचा छोटा व्रण निसटून जाई. फारच निकड असली तर शस्त्रक्रियेत पोट उघडून, आतडे हाताने दुर्बिणीवर सरकवत आतून पाहत. आणि पुष्कळदा रुग्णाला लोहाच्या गोळ्या देऊन, अधूनमधून रक्त चढवून घरी पाठवत. आत्याची दोन वर्षे याच तिसऱ्या मार्गाने गेली. दोन्ही बाजूंच्या दुर्बिणी स्वच्छ, सीटी स्कॅन ‘विशेष काही नाही’, आणि हिमोग्लोबिन मात्र सतत खाली.

८/
आता पहिल्या दाव्याकडे वळू. गिळायचे उपकरण ही कल्पना क्षेपणास्त्रांच्या कारखान्यात जन्मली नाही. ट्रान्झिस्टरचा शोध १९४७ चा. त्याच्या आधारावर स्टुअर्ट मॅके आणि बर्टिल याकोबसन यांनी १९५७ मध्ये गिळता येणारी रेडिओ-गोळी मांडली. ती पोटातला दाब आणि तापमान मोजून बाहेर संदेश पाठवीत असे. म्हणजे ‘पोटातून बिनतारी बातमी’ हा विचार कॅमेऱ्याच्या चार दशके आधी सिद्ध झाला होता.

९/
त्याच १९५७ मध्ये अमेरिकी सैन्यातले रक्तविकारतज्ज्ञ विल्यम क्रॉस्बी यांनी वेगळ्याच जातीची कॅप्सूल बनवली. ती बारीक नळीला बांधून गिळायची. लहान आतड्यात पोहोचली की बाहेरून हवा खेचायची. अस्तराचा कण आत ओढला जाई आणि स्प्रिंगवरचे पाते तो कापून घेई. या कॅप्सूलला डोळा नव्हता, पण ती पुरावा हातात आणून देत असे. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१०/
हर्शोविट्झ, मॅके आणि याकोबसन, क्रॉस्बी. एकाच वर्षी लवचीक दुर्बीण, बोलणारी गोळी आणि तुकडा आणणारी कॅप्सूल अशी तीन उपकरणे जगापुढे आली. मग पाहणारी गोळी यायला आणखी चाळीस वर्षे का लागली? कारण तेव्हाचा कॅमेरा गोळीत मावत नव्हता, आणि पुढे मावण्याजोगा झाला तेव्हाही एवढी वीज खाई की छोटी बॅटरी काही मिनिटांतच मान टाकी. आतड्याचा प्रवास मात्र तासांचा असतो.

११/
इथे गॅव्रिएल इदान यांचा प्रवेश होतो. इस्रायलच्या ‘राफाएल’ या शस्त्रास्त्र-संस्थेत ते प्रतिमा टिपणाऱ्या यंत्रणांवर काम करणारे अभियंते होते. १९८१ मध्ये ते बोस्टनला काही काळ राहिले. तिथे त्यांचे शेजारी होते एतान स्कापा, पोटविकारतज्ज्ञ. गप्पांत स्कापांनी तंतुदुर्बिणीची मर्यादा सांगितली, की लहान आतडे तिला पाहता येत नाही. शेजाऱ्याची तक्रार इदानांच्या मनात राहिली. उत्तर सुचायला दशकभर लागले.

१२/
उत्तराचा गाभा असा होता की सगळे काम गोळीने करायचेच नाही. गोळीने फक्त पाहायचे आणि प्रक्षेपण करायचे. साठवण्याचे काम रुग्णाच्या कमरेच्या यंत्राने करायचे, आणि चित्रे जुळवून दाखवण्याचे काम नंतर संगणकाने. ओझे असे तीन ठिकाणी वाटल्यावर गोळी हलकी झाली. इदानांनी १९९४ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, ते १९९७ मध्ये मिळाले. १९९८ मध्ये गॅव्रिएल मेरॉन यांच्या नेतृत्वाखाली ‘गिव्हन इमेजिंग’ ही कंपनी उभी राहिली.

१३/
तरीही विजेचा प्रश्न उरलाच होता. तो सुटला एका तिसऱ्याच क्षेत्रात. अंतराळयानांसाठी लहान आणि कमी वीज खाणारे कॅमेरे हवेत म्हणून अमेरिकेच्या ‘नासा’च्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीत एरिक फॉसम आणि त्यांचे सहकारी १९९० च्या दशकात नव्या प्रकारच्या सीमॉस प्रतिमा-संवेदकावर काम करत होते. याच जातीचा संवेदक आज तुमच्या हातातल्या मोबाइलमध्ये आहे. गोळीला परवडणारा डोळा या तंत्राने दिला.

१४/
आणि इंग्लंडमध्ये एक समांतर कथा चालू होती. लंडनचे पोटविकारतज्ज्ञ पॉल स्वेन हेही त्याच काळात, इदानांशी संबंध नसताना, बिनतारी आतडे-कॅमेऱ्यावर प्रयोग करत होते. १९९४ मध्ये त्यांनी ही शक्यता एका जागतिक परिषदेत मांडली, पुढे डुकराच्या जठरातून थेट चित्रे मिळवली. दोन्ही गट नंतर एकत्र आले. १९९९ मध्ये इस्रायलमध्ये, स्कापांच्या देखरेखीखाली, पहिली कॅप्सूल गिळली ती स्वेन यांनी स्वतः.

१५/
मे २००० मध्ये ‘नेचर’मध्ये इदान, मेरॉन, ग्लुखोव्हस्की आणि स्वेन यांचा छोटासा निबंध आला. कपानींचा निबंधही याच नियतकालिकात ४६ वर्षांपूर्वी आला होता. ऑगस्ट २००१ मध्ये अमेरिकेच्या औषध-प्रशासनाने कॅप्सूलला मान्यता दिली. आकार सुमारे ११ मिलिमीटर रुंद आणि २६ मिलिमीटर लांब, वेग सेकंदाला दोन छायाचित्रे, आयुष्य साधारण आठ तास. एका रुग्णामागे पन्नास हजारांच्या आसपास चित्रे.

१६/
तर पहिल्या दाव्याचा निकाल असा. इदानांचे श्रेय खरे आहे, पण त्यात शेजाऱ्याचे गाऱ्हाणे आहे, रेडिओ-गोळी आहे, अंतराळाचा डोळा आहे आणि लंडनच्या डॉक्टरचा घसा आहे. क्षेपणास्त्राची उपमाही फसवी आहे. क्षेपणास्त्राला दिशा असते. ही गोळी स्वतःहून कुठेच जात नाही. आतड्याची नेहमीची लाटेसारखी हालचाल तिला घास ढकलावा तशी पुढे ढकलते. जिथे आतडे नेईल ते पाहायचे, एवढाच तिचा अधिकार.

१७/
दुसरा दावा होता ‘प्रत्येक आजार कळतो’. गोळी एखाद्या जागी थांबू शकत नाही, मागे वळू शकत नाही, चिकटलेले रक्त धुऊ शकत नाही. आणि क्रॉस्बींची कॅप्सूल करत होती ते ही करू शकत नाही. ती तुकडा आणत नाही. व्रण दिसतो, पण व्रण कशाचा हे तुकडा सांगतो. त्यासाठी जपानच्या हिरोनोरी यामामोतो यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेली दोन फुग्यांची लांब दुर्बीण किंवा शस्त्रक्रिया लागते. हा फरक आपल्या देशात जिवाशी येतो. का, ते सांगण्यासाठी १८८२ मध्ये जावे लागेल.

१८/
२४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. पुढच्याच महिन्यात आमच्या गावाजवळ, रेल्वेच्या पलीकडे सोपाऱ्यात, पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी स्तूप उघडला. आत दगडी पेटी, तीत अंड्याच्या आकाराचा तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, मग दगडाचा, स्फटिकाचा, शेवटी सोन्याचा. सोन्याच्या करंडकात मातीच्या भांड्याचे बारीक तुकडे. सोबत यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे आणि करंडकाभोवती आठ लहान कांस्यमूर्ती.

१९/
नाणे सातवाहनकाळ सांगत होते. कांस्यमूर्ती मात्र शैलीवरून आठव्या-नवव्या शतकातल्या ठरल्या. एकाच पेटीत दोन काळ. नुसते नाणे पाहणारा एक निष्कर्ष काढेल, नुसत्या मूर्ती पाहणारा दुसरा. वस्तू डोळ्यांसमोर असूनही तिचा अर्थ इतर पुराव्यांशी ताडल्याशिवाय लागत नाही, हे आम्हा विद्यार्थ्यांना पहिल्याच सत्रात शिकवतात. आतड्यातल्या व्रणाचेही नेमके असेच आहे.

२०/
१९१३ मध्ये स्कॉटलंडचे शल्यविशारद केनेडी डाल्झिएल यांनी आतड्याच्या अशा सुजेचे वर्णन केले, जी क्षयासारखी दिसे पण जंतू सापडत नसे. १९३२ मध्ये न्यूयॉर्कच्या बरिल क्रोन, लिऑन गिन्झबर्ग आणि गॉर्डन ओपनहायमर यांनी हा वेगळा आजार म्हणून मांडला, आणि नाव राहिले ‘क्रोन्स’. दोन्ही आजारांना लहान आतड्याचे शेवटचे टोक विशेष प्रिय. दोन्हींत व्रण, दोन्हींत आतडे अरुंद होणे, दोन्हींत पोटदुखी आणि वजन घटणे. कॅमेऱ्यात दोघे जुळ्या भावांसारखे दिसू शकतात.

२१/
पाश्चात्त्य देशांत क्षय दुर्मीळ झाल्यावर हा पेच तिथे फारसा उरला नाही. आपल्याकडे तो रोजचा आहे. मुंबईच्या बॉम्बे हॉस्पिटलचे पोटविकारतज्ज्ञ डॉ. दीपक अमरापूरकर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये, क्षय सर्वत्र असलेल्या भारतात क्रोन्सचे निदान कसे करावे, या प्रश्नावरच शोधनिबंध प्रसिद्ध केला. हेच ते डॉक्टर, जे २९ ऑगस्ट २०१७ च्या अतिवृष्टीत घरी चालत जाताना उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेले. त्यांचा मृत्यू अनेकांना आठवतो. त्यांनी आयुष्यभर कोणते प्रश्न सोडवले, हेही आठवावे.

२२/
इथे चूक दोन्ही बाजूंनी महाग पडते. क्रोन्समध्ये शरीराची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे देतात. तीच औषधे क्षयाच्या रुग्णाला दिली तर जंतूला रान मोकळे मिळते. उलट क्रोन्सच्या रुग्णाला क्षयाची औषधे दिली तर महिने वाया जातात आणि आजार आत वाढत राहतो. शिवाय आतडे अरुंद झाले असेल तर तिथे कॅप्सूलच अडकू शकते. एकूण तपासण्यांत असे शंभरात एखाद-दोन वेळा घडते, आकुंचन असलेल्यांत अधिक. म्हणून शंका असली तर आधी विरघळणारी चाचणी-गोळी देऊन वाट मोकळी आहे का, ते पाहतात.

२३/
आत्याची कॅप्सूल अडकली. सीटीमध्ये आकुंचन दिसले नव्हते. चित्रांच्या मालिकेत शेवटचा दीड तास एकच जागा होती, व्रणांनी भरलेली, अरुंद. दोन आठवड्यांनंतरच्या एक्स-रेमध्येही कॅप्सूल तिथेच. तोवर आई रोज हळू आवाजात विचारायची, ‘पडली का हो वन्सं?’ आणि आत्या मान हलवायची. दोन डॉक्टरांनी तीच चित्रे पाहिली. एकाचा कल क्रोन्सकडे होता, दुसऱ्याचा क्षयाकडे. ‘घरात कुणाला टीबी होता का?’ हा प्रश्न आम्हाला तीन वेळा विचारला गेला. तिन्ही वेळा बाबांनी ‘नाही’ म्हटले, आणि कागदावर ‘नाही’ लिहिले गेले.

२४/
शस्त्रक्रियेत आतड्याचा अरुंद तुकडा काढला. कॅप्सूल त्यातच होती. तुकड्याच्या तपासणीत क्षय निघाला. त्या रात्री बाबा म्हणाले, ‘अण्णांना होता.’ अण्णा म्हणजे माझे आजोबा. मी जन्मण्याच्या कितीतरी आधी महिनोन् महिने त्यांना इंजेक्शने चालू होती, आणि त्यांची सेवा आत्याने केली होती. तेव्हा तिचे लग्न व्हायचे होते. बातमी फुटू नये म्हणून घराने ती गिळली, ती कायमचीच. क्षयाचा जंतू शरीरात दशकानुदशके निपचित राहू शकतो. आमच्या घरातली माहितीही तशीच राहिली होती.

२५/
मी इतिहासात एम.ए. करतो, मौखिक साधनांवर टिपणे काढतो, आणि माझ्याच घरातले साधन मला ठाऊक नव्हते. त्या एका ‘हो’ने निदान झालेच असते असे नाही. तुकडा तरीही लागलाच असता. पण दुसऱ्या डॉक्टरच्या शंकेला बळ मिळाले असते, आणि आत्याची काळजीची काही रात्री वाचली असती. पन्नास हजार चित्रे तिच्या पोटातून आली. त्यांचा अर्थ लावायला हवी होती ती ओळ बाबांच्या पोटात होती.

२६/
आत्याची औषधे सहा महिने चालली, ती आता संपली आहेत. हिमोग्लोबिन वर आले आहे. ती पुन्हा संध्याकाळी भाजी आणायला आचोळे रोडवर जाते आणि भाव करून भांडते. तुमच्या घरात कुणाचा जुना आजार ‘सांगायचा नाही’ म्हणून दडला असेल, तर या आठवड्यात आजी, काका, आत्या यांच्यापैकी कुणाजवळ तरी शांतपणे बसून विचारा आणि तारखेसह लिहून ठेवा. आम्ही आमच्या वहीत अण्णांचे नाव आता लिहिले आहे.

(थ्रेड समाप्त. सोपाऱ्याच्या करंडकावर अनेकांना अधिक वाचायचे असेल. तो मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात आहे. पुढचा थ्रेड त्यावर.)